बोनसमधून हेडर घ्यावा का?

प्रश्न: मॅडम, मी ३३ वर्षांचा, ठाण्यात मानपाड्याला राहतो. माझी नोव्हेंबर २०१२ ची होंडा सिटी आय-व्हीटेक १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. पगार हातात ८८ हजार येतो. गृहकर्ज ३८ लाख बाकी (साडेआठ टक्के, १७ वर्षं), हप्ता ३५,३००. घरखर्च तेवढाच. अडीअडचणीसाठी ९० हजार आहेत. आता १ लाख १० हजार बोनस आलाय. गॅरेजवाल्याने स्टेनलेसचा ४-२-१ कस्टम हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच) ६२ हजार आणि ट्यूनिंग २८ हजार असं कोटेशन दिलंय, कार्डावर नो कॉस्ट ईएमआयही आहे. बायको म्हणते, पैसे कर्जात भर. काय करू?

उत्तर: आधी एक कबुली. लग्नानंतर माझ्या नवऱ्याने बाईकला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. तो गल्लीत शिरला की तिसऱ्या मजल्यावर मी कुकर लावायचे. त्यामुळे हौसेला मी नाक मुरडणार नाही. पण हौसेचा हिशोब मांडायलाच हवा.

टर्बो नसलेल्या इंजिनात हेडरचं काम खरं आहे. एका सिलिंडरमधून सुटलेला धूर पाइपात मागे कमी दाब सोडतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेतो. पाइपांची लांबी आणि जाडी जमली तर हे साधतं. ४-१ रचना (चार पाइप थेट एकात) वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला जास्त फेऱ्यांना, जोर देते; ४-२-१ (चारांचे आधी दोन, मग एक) मधल्या टप्प्यात. गॅरेजवाल्याने दुसरी सुचवली, हे बरं केलं. पण तुमच्या इंजिनाची ११८ पीएस (म्हणजे अश्वशक्ती) ६,६०० आरपीएमला मिळते. हेडर आणि ट्यूनिंग मिळून ८ वाढली असं धरलं तरी एक घोडा सव्वाअकरा हजारांना पडला, आणि तोही बहुतेक मधल्या-वरच्या आरपीएमलाच धावणार. कापूरबावडी ते कासारवडवलीच्या कोंडीत रोज संध्याकाळी तुमचा काटा २,००० च्या पुढे किती वेळा जातो, एकदा बघा.

मला कोटेशनमध्ये जास्त खटकलं ते जे लिहिलेलं नाही. कॅटकॉनचं, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काय? बऱ्याच गाड्यांत तो मॅनिफोल्डला (इंजिनाला जोडलेल्या कंपनीच्या धूर-पाइपांना) लागूनच असतो आणि हेडर बसवताना गुपचूप निघतो. मग पीयूसी अडते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषण-आवाजाची मर्यादा ओलांडल्यास दंड १० हजारांपर्यंत जातो. विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर तुमच्या गाडीचा दावा अडकू शकतो. ‘कोणी विचारत नाही’ म्हणणारा गॅरेजवाला तेव्हा तुमच्या शेजारी उभा नसेल.

शिवाय तुमची आरसी नोव्हेंबर २०२७ ला १५ वर्षांची होते. तेव्हा आरटीओत गाडी दाखवून नोंदणी नूतनीकरण करायचं, फी ५ हजार, वर पर्यावरण कर. गाडी पुढे ठेवायची की नाही हे ठरायच्या आत तिच्यात ९० हजार घालायचे? गाडी विकताना या पाइपाचा एक रुपयाही मिळणार नाही. उलट घेणारा विचारेल, इंजिन पिळलंय का?

आता घराकडे या. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला सत्तर हजार, आणि शिल्लक ९० हजार. म्हणजे नोकरी गेली तर दुसऱ्या महिन्यातच हात पसरायची पाळी. इथे मी तुमच्या बायकोशीही पूर्ण सहमत नाही. आज एक लाख कर्जात भरून हप्ता तोच ठेवला तर शेवटचे साधारण साडेअकरा हप्ते वाचतात; हिशोब छानच आहे, पण भरलेला पैसा अडचणीत परत मागता येत नाही. म्हणून बोनसमधले ८० हजार राखीव निधीत, लिक्विड फंडात किंवा एफडीत टाका. उरलेल्या ३० हजारांत आधी गाडीचं तंदुरुस्तीचं काम: कम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब तपासणं), टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं), प्लग. आणि टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या ३२ व्या आठवड्यातला. असल्या टायरवर जास्त ताकद कशाला मागता?

नो कॉस्ट ईएमआय तर नकोच. त्यात प्रोसेसिंग फी असते आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, सूट दाखवली तरी.

तरीही खाज जात नसेल, तर दरमहा ५ हजारांचं आरडी सुरू करा. दीड वर्षात ९० हजार जमतात. नूतनीकरण झालं, गाडी ठेवायची ठरली, की आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. त्यांनी हो म्हटलं तरच कॅटकॉन जागेवर ठेवणारा हेडर रोखीने घ्या आणि कोटेशनमध्ये कॅटकॉन, ऑक्सिजन सेन्सर बसवायची जागा, फ्लँजची (पाइप इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीची) जाडी, डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आधीचे-नंतरचे आकडे लेखी मागा. कंपनीचा जुना मॅनिफोल्ड गॅरेजात सोडू नका, घरी आणून ठेवा. विकताना तोच परत बसवावा लागेल.