वायर ओढतोयस, आता रात्रीचं रेकॉर्डिंग बघायला लाग

पत्र असं आहे : "मी 19 वर्षांचा आहे. गणित कच्चं म्हणून पुढचं शिक्षण सोडलं. पाच महिने झाले, सीसीटीव्ही कॅमेरे लावणाऱ्या एका ठेकेदाराकडे मदतनीस आहे. भिंतीला भोकं पाडणं, पाइप ठोकणं, वायर ओढणं, एवढंच काम मिळतं. हल्ली लोक वायफाय कॅमेरे आणून स्वतःच लावतात, मग या कामात पुढे काही आहे का? तीन महिन्यांचा कोर्स करू का? नेटवर्किंग शिकायला हवं म्हणतात, त्याचीच भीती वाटते."

मित्रा, पाच महिने फुकट गेले असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. कॅमेऱ्याचे पुष्कळ बिघाड वायरीत आणि जोडांत असतात, आणि ती वायर तुझ्या हातून जाते आहे. फक्त ती ओढताना काय बघायचं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

माझ्याकडे सल्ल्याला आलेला एक मुलगा आता स्वतंत्रपणे हेच काम करतो. त्याच्याबरोबर मी एकदा एका गोदामात गेलो होतो. तक्रार अशी की फाटकावरचा कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो आणि अंधार पडला की दर मिनिटाला बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आधीच्या माणसाने दोनदा कॅमेरा बदलला होता. या मुलाने कॅमेऱ्याला हात लावला नाही. वायरीचं टोक ब्लेडने हलकेच खरवडलं. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरं दिसलं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा, म्हणजे शुद्ध तांब्यापेक्षा जास्त रोध. मग मल्टिमीटर लावून कॅमेऱ्याच्या टोकाचा व्होल्टेज मोजला आणि अंधार पडायची वाट बघत बसला.

आता तुझं गणित. समज, जाऊन-येऊन वायरीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 4 ओहम आहे. दिवसा कॅमेरा 0.25 अँपिअर घेतो, म्हणजे वाटेत 1 व्होल्ट पडतो. 12 मधले 11 पोचतात, काम चालतं. रात्री आयआर दिवे (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे) लागतात, करंट 0.6 अँपिअर होतो, वाटेत 2.4 व्होल्ट पडतात, पोचतात 9.6. कॅमेरा धापा टाकतो आणि बंद पडतो. बंद पडला की भार उतरतो, व्होल्टेज वर येतो, कॅमेरा पुन्हा उठतो. एक गुणाकार आणि एक वजाबाकी, बस. तेवढ्यावर दोन चांगले कॅमेरे भंगारात जायचे वाचले असते. पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देण्याच्या पद्धतीत, वीज 48 व्होल्टच्या आसपास पाठवतात ती याचसाठी. व्होल्टेज जास्त म्हणून करंट कमी, आणि करंट कमी म्हणून वाटेतली घटही कमी. या धंद्याला लागणारं गणित जवळजवळ सगळं याच पातळीचं आहे. तू ते करू शकतोस.

दुसरा हिशोब साठवणीचा. एक कॅमेरा 4 एमबीपीएसने (सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे अर्धा मेगाबाइट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे 43 जीबी होतात. आठ कॅमेरे, तीस दिवस म्हणजे दहा टीबीच्या वर. तिथे कुणी 4 टीबीची हार्ड डिस्क बसवली तर साडेअकरा दिवसांनी जुनं पुसलं जाऊन त्यावर नवं लिहिलं जातं. दोन आठवड्यांपूर्वीच्या चोरीचं फुटेज मागायला ग्राहक येतो, तेव्हा द्यायला काही उरलेलं नसतं.

लेन्सचंही तसंच. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा म्हणून आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत प्रत्यक्षातल्या एका मीटर रुंदीला चित्रात 250 पिक्सेल धरले होते. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात ते जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीला पुरतात. 2.8 मिमीची रुंद लेन्स असली तर कॅमेऱ्यापासून साधारण तीन मीटर अंतरावरच चित्रात तेवढी रुंदी येते. त्यापुढे माणूस दिसतो, पण कोण ते सांगता येत नाही. म्हणून भोक पाडण्याआधी ग्राहकाला विचारायचं ते हे, की इथे नक्की काय दिसायला हवं? माणूस आला एवढं कळलं तरी पुरे, की चेहरा हवा, की गाडीचा नंबर? हा प्रश्न विचारणारा माणूस आणि कोपरा दिसला की ड्रिल लावणारा माणूस, यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वायफाय कॅमेऱ्यांची भीती अर्धी खरी आहे. घरातले एक-दोन कॅमेरे लोक स्वतः लावणारच, त्यावर पोट अवलंबून ठेवू नकोस. पण कारखाना, रुग्णालय, शाळा, मोठी इमारत इथे पन्नास कॅमेरे, त्यांच्या केबल एकत्र जोडणारे स्विच, रेकॉर्डिंग साठवणारा एनव्हीआर आणि तीस दिवसांचं रेकॉर्डिंग सांभाळायला माणूस लागतोच. माझं स्पष्ट मत असं की लावणारे पुष्कळ आहेत, बिघाड शोधून देखभाल करणारे थोडे. तू त्या थोड्यांत जा.

त्यासाठी नेटवर्किंगला पर्याय नाही. पण भिऊ नकोस, ते हाताने शिकता येतं. जुना एनव्हीआर, एक छोटा पीओई स्विच आणि दोन वापरलेले कॅमेरे मिळव. ते चालू कर आणि मग मुद्दाम बिघडव. दोन्ही कॅमेऱ्यांना एकच आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दे. चित्र कधी येतं, कधी जातं, ते बघ. गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे बाहेर पडायचा पत्ता, चुकीचा टाक. जागेवर सगळं दिसेल, बाहेरून मोबाइलवर काहीच नाही. आरजे45 जॅकमध्ये, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये, तारांच्या जोड्या दोन्ही टोकांना नुसत्या ओळीने घाल : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. साधा टेस्टर आठही दिवे लावून सगळं ठीक दाखवेल, पण 3 आणि 6 नंबरला वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा गेल्यामुळे लांबच्या अंतरावर कनेक्शन अडखळेल. योग्य क्रमात 3 ला पांढरी-हिरवी आणि 6 ला हिरवी का असते, हे त्या दिवसापासून विसरणार नाहीस. प्रत्येक वेळी लक्षण काय दिसलं आणि कारण काय निघालं, ते वहीत उतरव.

कोर्स जरूर कर, पण पैसे भरण्याआधी वर्ग बघून ये. प्रत्येकाच्या हातात क्रिंपर (केबलला जॅक दाबून बसवायचा पक्कड) येतो का, बिघाड शोधायला देतात का, आयपी ॲड्रेस शिकवतात का? एकाच कंपनीच्या एनव्हीआरचा मेनू पाठ करून घेत असतील तर तिथे जाऊ नकोस. आधी नेटवर्किंगचा पायाभूत वर्ग केलास तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र कोर्समध्ये कुणी ठासून सांगत नाही. तू लोकांच्या घरात, दुकानात डोळे बसवतो आहेस. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नकोस. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच मूळ पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगची यंत्रं) ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट ठप्प केल्या. नवा पासवर्ड ग्राहकाला स्वतः टाइप करू दे, तू मान फिरव. तपासणीसाठी आपल्या मोबाइलवर घेतलेलं खातं निघण्याआधी ग्राहकासमोर काढून टाक. शेजाऱ्याच्या खिडकीकडे कॅमेरा वळवायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण. आणि शिडी खालून धरणारं कुणी नसेल तर वर चढू नकोस, मालकाला कितीही घाई असो.

ठेकेदाराकडे दुसरं काम मिळत नाही म्हणतोस, पण त्याला कधी विचारलंयस का? पुढच्या वेळी जुन्या ग्राहकाकडे गेलात की वायर गुंडाळून झाल्यावर त्याला म्हण, "दहा मिनिटं द्या, मी कालचं रात्रीचं रेकॉर्डिंग बघतो." लाइव्ह चित्र नको, साठवलेलं बघ. घड्याळ बरोबर आहे का, मध्ये खंड पडलाय का, लेन्सपुढे कोळ्याचं जाळं आयआरमध्ये पांढरं चमकतंय का, डोमच्या (घुमटाकार कॅमेऱ्याच्या) काचेवर धूळ बसून चित्र धुरकट झालंय का. दिसेल ते त्याला सांग. त्यातला एक जरी दोष खरा निघाला, तरी त्याच्या पुढच्या कामात तो तुला फक्त पाइप ठोकायला लावणार नाही.