मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘सीडीकेएन२ए डिलीशन’ (सीडीकेएन२ए हे जनुक गळून गेलेलं) आहे, धाकट्या मुलीची जनुक तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरला राहता, सहा वर्षांच्या मुलाला एएलएल (लहान मुलांत होणारा एक रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया) आहे आणि बोनमॅरोच्या रिपोर्टमध्ये हे डिलीशन आलंय. एवढ्यावरून धाकटीची तपासणी करू नका.

हा बिघाड जवळजवळ नेहमी ल्युकेमियाच्या पेशींतच नंतर घडलेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. बी-एएलएलच्या (बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होणाऱ्या एएलएलच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांत तो सापडतो. यंत्रमागाचंच बघा ना: ताण्याची तार (उभा धागा) तुटली की तिच्यावर अडकवलेली धातूची पट्टी, म्हणजे ड्रॉपर, पडतो आणि माग थांबतो. या जनुकापासून बनणारं पी१६ प्रथिन असंच काम करतं. सीडीके४ आणि सीडीके६ या पेशीविभाजन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांना रोखून ते पेशीला डीएनएची नक्कल सुरू करण्याआधी थांबवतं. ड्रॉपरच गेला, की तार तुटलेली असली तरी माग चालूच.

वारशाने येणारे फरकही आहेत. २०१५ च्या अभ्यासांत याच जनुकातला आरएस३७३१२४९ हा फरक असलेल्यांत एएलएलचा धोका दोन-तीन पट दिसला. पण मूळ धोका साधारण २००० मुलांत एक. तिप्पट धरला तरी हजारात दीड. आणि कळलं तरी आधीच द्यावं असं औषध नाही.

अपवाद एक. रिपोर्टमध्ये ‘लो हायपोडिप्लॉइड’ (३२ ते ३९ गुणसूत्रं) असेल, किंवा घरात कमी वयात कॅन्सर झालेले असतील, तर डॉक्टरांना टीपी५३ या जनुकातल्या वारशाने आलेल्या बिघाडाबद्दल जरूर विचारा. तेव्हा मुलाचा नमुना कशाचा घेताहेत ते पाहा. आजार चालू असताना रक्तात ल्युकेमियाच्या पेशी मिसळलेल्या असतात, म्हणून बिघाड वारशाने आलाय का ते त्यातून कळत नाही. लाळेतही पांढऱ्या पेशी येतात, त्यामुळे तीही भरवशाची नाही. त्वचेच्या बारीक तुकड्यातून वाढवलेल्या पेशी सगळ्यांत चांगल्या. नाहीतर रेमिशननंतरचं (उपचाराने आजार आटोक्यात आल्यावरचं) रक्त.

पैसे खर्च करायचेच असतील तर मुलाच्या एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकांच्या तपासणीवर करा, ६-एमपी या केमोच्या गोळ्या सुरू होण्याआधी. ते औषध शरीराला कितपत झेपेल हे ही जनुकं ठरवतात. आपल्याकडे एनयूडीटी१५ चा फरक बऱ्यापैकी आढळतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीच्या डोसने पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात. अशा मुलांना दर चौरस मीटरला दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आसपास सुरुवात करतात. नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये हवं. ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायला सांगा, नाहीतर गुठळी होऊन नमुना परत मागवतात.

धाकटीला विनाकारण काळेनिळे डाग, न उतरणारा ताप, फिकेपणा किंवा हाडं दुखणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या.