पहिल्यांदा टोमॅटो लावताय? आधी बियाणं नीट बघा

पाकिटावरचा लालभडक फोटो बघून बियाणं घेऊ नका, मीपण सुरुवातीला तेच केलं आणि बाल्कनीतल्या छोट्या कुंडीत सहा फुटी वेल वाढवून बसलो, बांधायला काठ्या पुरेनात.

तर सुरुवातीला एवढंच बघा:

१) झुडपी की वेलीसारखा वाढणारा. कुंडी असेल तर डोळे झाकून झुडपी घ्या.

२) संकरित (पाकिटावर ‘एफ१’ लिहिलेलं, दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून केलेलं) की सरळ वाण (ज्याच्या बियांपासून पुन्हा तसंच झाड येतं). संकरित वाईट नसतं हां, पण त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याची खात्री नाही. बी घरचं ठेवायचंय तर सरळ वाणच घ्या.

३) तारीख. पाकीट जुनं असेल तर दहा बिया ओल्या टिश्यू पेपरमधे गुंडाळून डबीत उबदार जागी ठेवा, आठ-दहा दिवसांत सात-आठला पांढरा कोंब फुटला की बिनधास्त पेरा. दोन-तीनच फुटले तर पाकीट सोडून द्या, कशाला जीव जाळायचा.

गुलाबी-हिरवा रंग लावलेल्या बिया दिसल्या तर घाबरू नका, बुरशीनाशक असतं ते, फक्त हात धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा.

आणि सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बी बोटभर खोल पुरणं आणि वर रोज बदाबदा पाणी, त्याने कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. अर्धा-एक सेंटीमीटर माती पुरे. खतांचं, कलमांचं नंतर बघू, आधी चार पानं तरी येऊ देत.