ओटीटी असताना ब्लू-रे प्लेअर घ्यावा का? फरक खरंच असतो की मनाचे खेळ?

तुमच्या प्रश्नातले ‘मनाचे खेळ’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसले. हेच शब्द माझ्या धाकट्या दिरांनी मला आमच्या सांगलीच्या घरात ऐकवले होते, २०१७च्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, घरभर माणसं बसलेली असताना. मी तेव्हाही उत्तर दिलं होतं, पण ते कुणी पुरतं ऐकून घेतलं नाही.

आधी तुमचं. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्याच आकाराची, पण सिनेमा कितीतरी जास्त स्पष्ट ठेवणारी चकती. मित्र जुना प्लेअर स्वस्तात देतोय ना, मग घ्या. तुमच्या पन्नास इंची टीव्हीवर आठेक फुटांवरून फरक दिसतो, फक्त तो उजेडातल्या चेहऱ्यांत शोधू नका. अंधारात शोधा. रात्रीचं आकाश, धुकं, धूर, पाऊस. ओटीटीवर अशा ठिकाणी काळ्या-करड्या पट्ट्या दिसतात, चौकोनी ठिगळं हलताना दिसतात. नेटफ्लिक्स फोर-के सिनेमासाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन मागतं. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्रालाच ४० मेगाबिटपर्यंत वाट मोकळी असते. डीव्हीडीचा लेझर तांबडा, ६५० नॅनोमीटरचा. ब्लू-रेचा निळा-जांभळा, ४०५चा. बारीक टोकाच्या पेनानं अक्षर लहान काढता येतं, तसं त्याच आकाराच्या चकतीवर साडेआठऐवजी ५० जीबी मावतात.

आता दिवाळीचं सांगते.

भाऊजी तेव्हा कंपनीच्या कामानं दोन वर्षं अमेरिकेत राहून आले होते. मला सिनेमाचा नाद आहे हे त्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन मी विश्रामबागेत आले तेव्हा आम्ही लायब्ररीतून व्हीसीडी आणायचो, मध्यंतराला उठून दुसरी सीडी घालायची. ब्लू-रे प्लेअर मी माझ्या बँकेच्या पगारातून घेतला. घरात कुणी अडवलं नाही, पण ‘हिला कशाला हवंय’ हे मला न बोलताही ऐकू यायचं. भाऊजींनी मात्र आठवणीनं बारा डिस्क आणल्या, माझ्या आवडीच्या. ते मी आजही विसरलेले नाही.

चकल्यांची ताटं फिरली, सगळे बसले, मी पहिली डिस्क घातली. प्लेअर थोडा वेळ गुरगुरला आणि पडद्यावर आलं, ही डिस्क तुमच्या विभागात चालणार नाही. भाऊजी लगेच म्हणाले, “वहिनी, प्लेअर भंगार आहे तुमचा.”

प्लेअर भंगार नव्हता. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेत. अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, आणि आपण चीन-रशियाबरोबर सी. काही स्टुडिओ डिस्कला कुलूप लावत नाहीत, काही लावतात. आमच्या बारांपैकी सात चालल्या, पाच नाही. त्या पाचही रीतसर दुकानातून, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या. ज्यानं पैसे दिले त्यालाच सांगायचं की तू चुकीच्या देशात राहतोस, आणि जो पेनड्राइव्हवर चोरीचा सिनेमा भरून आणतो त्याला ही अडचण कधीच येत नाही. हा गिऱ्हाइकावरचा अन्याय आहे, आणि डिस्कवर माझं कितीही प्रेम असलं तरी मी तो झाकणार नाही.

दुसरी डिस्क चालली. आधी कायद्याच्या सूचना, त्या पुढं ढकलता येत नाहीत. मग जाहिराती, मग मेन्यू. सिनेमा तासभर रंगला आणि लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूब होत्या, टीव्ही नव्हता. पंधरा मिनिटांनी लाईट आली तर डिस्क पुन्हा पहिल्यापासून. त्याच सूचना, तोच मेन्यू. माझ्या जुन्या डीव्हीडी प्लेअरला थांबलेली जागा आठवायची, पण ब्लू-रेच्या कितीतरी डिस्कवर मेन्यूसाठी जावाचा प्रोग्रॅम असतो आणि त्या बंद पडल्या की सगळं विसरतात. मी पुढं ढकलत जागा शोधत होते, तेवढ्यात भाऊजींनी तोच सिनेमा मोबाइलवर ओटीटीवर लावून दाखवला. “बघा वहिनी, टिचकीसरशी. फरकबिरक काही नसतो, हे सगळे मनाचे खेळ.” सगळे हसले. सासूबाईंनीसुद्धा मान हलवली, ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा भाऊ मिरजेहून आला, बरोबर आमच्या वडिलांना, आण्णांना, घेऊन आला. आण्णांची सगळी नोकरी मिरज जंक्शनला गेली, पण त्यांचा कान तयार झाला तो मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या संगीत सभेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथं दरवर्षी उरुसात गाणं होतं, आणि आण्णांनी ते तरुणपणापासून सहसा चुकवलेलं नाही. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून, नंतर झोपून, ऐकलंय. तंबोरा जरा उतरला तरी गवयाच्या आधी आण्णांची मान वर व्हायची.

मी आण्णांना झोपाळ्यावर टीव्हीकडं पाठ करून बसवलं. सिनेमात रात्रीच्या पावसाचा एक प्रसंग होता, दोन मिनिटांचा. एकदा ओटीटीवरून, एकदा डिस्कवरून, दोन्ही एकाच होम थिएटरवर. बदलायचं काम मुद्दाम भाऊजींकडंच दिलं. दोन्ही ऐकून झाल्यावर आण्णा म्हणाले, “पहिल्यात पाऊस पडतोय. दुसऱ्यात पत्र्यावर पडतोय.”

दुसरा आवाज डिस्कचा होता. भाऊजींनी अदलाबदल करून आणखी चार वेळा ऐकवलं, आण्णांनी तीन वेळा बरोबर सांगितलं. ओटीटीला आवाज दाबून पाठवावा लागतो, बहुतेक डिस्कवर तो काहीही न गाळता ठेवलेला असतो, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा डॉल्बी ट्रूएचडी या रूपात. पत्र्याचा तो टणत्कार त्या दाबण्यात जातो. भाऊजी म्हणाले, “डिस्कचा आवाज थोडा मोठा असेल म्हणून.” मी कानानंच दोन्ही आवाज सारखे केले होते, मोजायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं, त्यामुळं त्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढता येत नाही. पण आण्णांनी मोठा-लहान असं काही म्हटलंच नव्हतं. ते पत्र्याबद्दल बोलले होते. हे मी भाऊजींना त्यानंतर दोनदा सांगितलंय, इथं तिसऱ्यांदा लिहिते.

आण्णांच्या डोळ्याला मोतीबिंदू होता, त्यामुळं चित्राची परीक्षा त्यांच्याकडून घेता आली नाही. आणि टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर आवाजाचं वरचं सगळं सोडून द्या, तिथं फरक कळणार नाही. स्पीकर वेगळे असतील तर प्लेअर एचडीएमआय केबलनं जोडा. ऑप्टिकल केबलमधून तो न गाळलेला आवाज जातच नाही, आणि लोक वर्षानुवर्षं तसंच जोडून ‘काही फरक नाही’ म्हणतात.

ओटीटीच्या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे चित्र दाबून लहान करायच्या, पद्धती नव्या असतात आणि कमी मेगाबिटांत जास्त भागवतात, तेव्हा वरचे १५ आणि ४० हे आकडे समोरासमोर ठेवून भांडू नका. बत्तीस इंची टीव्ही असता तर मी घेऊ नका म्हटलं असतं. मराठी सिनेमांसाठी घेत असाल तरीही घेऊ नका, ब्लू-रेवर ते फारच थोडे आले. प्लेअर काढणाऱ्या कंपन्याही कमी होत चालल्यात, ओप्पोनं २०१८मध्येच हात आखडता घेतला. फोर-के डिस्कना विभागाचं कुलूप नसतं, पण त्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाहीत.

तरी मी घ्या म्हणते, कारण ओटीटीवर तुम्ही सिनेमा घेत नाही, बघायची परवानगी घेता, आणि करार संपला की सिनेमा जातो. गेल्या वर्षी भाऊजींचा पुण्याहून फोन आला. त्यांचा लाडका सिनेमा ओटीटीवरून गायब झाला होता, त्या बारांतली त्याची डिस्क आहे का अजून? आहे. कपाटात जपून ठेवलीय. पण ती त्या पाचांतली आहे. ते ऐकून भाऊजी बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “अमेरिकेतला प्लेअर मिळतो का बघतो.” मला ते पुरेसं आहे.

मित्राकडून प्लेअर घेताना त्याच्या घरी लावून बघा, आणि दोन थरांची, म्हणजे ५० जीबीची डिस्क शेवटपर्यंत पळवून बघा. म्हातारा लेझर बहुधा थर बदलतानाच अडकतो. घरी आणल्यावर कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर उतरवून अपडेट करा, नाहीतर जुन्या प्लेअरवर काही नव्या डिस्कचं नक्कल रोखणारं कुलूप उघडत नाही; विभागाचं कुलूप वेगळं. डिस्क पुसताना मऊ कापडानं मधून कडेकडं पुसा, गोल गोल नाही. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असते. आणि रिमोट आहे ना, ते आधी विचारा. या प्लेअरना पुढं दोन-तीनच बटणं असतात, रिमोटशिवाय मेन्यूतून हलता येत नाही.