मासा गोठवू नका

प्रश्न : तळ्यातले मेलेले मासे फ्रीजरमध्ये गोठवून प्रयोगशाळेत पाठवले. ‘तपासणीयोग्य नाहीत’ असं उत्तर आलं. काय चुकलं?

उत्तर : गोठवणंच चुकलं. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली रोगाच्या खुणा ओळखू येत नाहीत. फुगून तरंगणारा मासाही नको. त्यात कुजवणारे जीवाणूच जास्त सापडतात. काठाशी सुस्त पोहणारे, आजारी पण जिवंत असे चार-पाच मासे निवडा आणि पिशवीत घालून, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल, तर कल्ले, यकृत, मूत्रपिंड यांचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे तुकडे दहापट आकारमानाच्या 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडे कुजू न देणाऱ्या विषारी द्रावणात) बुडवा. हातमोजे हवेतच. आणि पहाटे, तळ्यावरच, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजा. नंतर मोजलेला आकडा फसवतो.