चंद्रतालसाठी वाइड लेन्स घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून निघायचं, हाताशी आठ रात्री, मनालीहून सुरुवात करून सूरजताल, चंद्रताल, धनकर आणि नाको अशी हिमाचलातल्या लाहौल-स्पिती परिसरातली चारही तळी करायची. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे, तर १० मिमीची वाइड, म्हणजे त्याहून रुंद दृश्य घेणारी लेन्स घ्यावी का?

वाइड घेऊ नका. सूरजताल गाळा आणि चंद्रतालला दोन रात्री राहा. तुमच्या फोटोंत सगळ्यात मोठा फरक याने पडेल, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

तळ्यात डोंगराचं स्वच्छ प्रतिबिंब हवं तर पाणी स्थिर पाहिजे. दिवस वर आला की उतार तापतात, हवा वर चढू लागते आणि दरीतून वारा सुटतो. स्पितीत दुपारी तो चांगलाच जोर धरतो. पाणी शांत सापडण्याची खरी आशा पहाटेची. त्यातही नेमका हवा असतो तो क्षण म्हणजे शिखरावर ऊन आलेलं आणि तळं अजून सावलीत. हा खेळ फार वेळ चालत नाही. त्या दिवशी पूर्वेला ढग आला किंवा रात्रीचा वारा थांबलाच नाही, तर एका रात्रीचा मुक्काम वाया. दोन रात्री असल्या की पहिल्या सकाळी ऊन कुठून येतं, कुठल्या दगडापाशी पाणी जास्त शांत राहतं हे कळतं आणि दुसऱ्या सकाळी तुम्ही थेट त्या जागी जाऊन उभे राहता. तंबू तळ्याच्या काठावर लावू देत नाहीत, ते दोनेक किलोमीटर अलीकडे असतात. त्यामुळे अंधारातच हेडटॉर्च लावून निघावं लागेल. सूर्योदय सव्वासहाच्या आसपास धरा आणि त्याआधी अर्धा तास ट्रायपॉड उभा झालेला असू द्या.

जागा कोणती? चंद्रताल चंद्रा नदीच्या पूर्वेला आहे आणि चंद्रभागा रांगेची बर्फाची शिखरं नदीपलीकडे, पश्चिमेला. म्हणजे पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहिलं की पहिलं ऊन समोरच्या शिखरांवर पडतं. संध्याकाळी तीच शिखरं उजेडाच्या विरुद्ध येऊन काळी पडतात, तेव्हा तोंड फिरवून पूर्वेचे तांबूस उतार टिपा. तळ्याला पूर्ण फेरी अडीच-तीन किलोमीटरची आहे. आदल्या दुपारी वारा असताना, कॅमेरा पिशवीतच ठेवून, ती नक्की मारा.

आता लेन्स. १० मिमीने समोरचा चिखल मोठा दिसतो आणि सहा हजार मीटरची शिखरं फ्रेममध्ये बारीक रेघ होऊन बसतात. तळ्यासाठी १८ मिमी पुरेशी रुंद आहे. कमी पडेल ती लांबची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, ५५-२५० किंवा ७०-३०० यांपैकी काहीही. कड्यावरची उन्हाची पट्टी, घळीतलं ताजं बर्फ, पिवळ्या झाडांची एक ओळ आणि मागे उघडी दगडी भिंत, हे सगळं तिचं काम. पुण्यात अशा लेन्स भाड्याने सहज मिळतात, विकत घ्यायची गरज नाही.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, मात्र घ्या, आणि तो कधी काढायचा हेही शिकून घ्या. पायाजवळच्या पाण्याकडे साधारण ३५-४० अंशांत खाली पाहिलं तर तो चकाकी सगळ्यात जास्त कापतो आणि तळाचे दगड दिसू लागतात. पण जी चकाकी तो कापतो, तीच तर प्रतिबिंब असते. शिखर पाण्यात हवं असेल तेव्हा तो काढून खिशात टाका. त्या उंचीवर आकाश मुळातच गडद निळं असतं. १८ मिमीवर पोलरायझर लावून आकाश घेतलंत तर एका बाजूला काळसर डाग येतो. पिवळ्या पानांवर मात्र त्याने फार सुंदर रंग येतो.

पानांचा रंग चंद्रतालला मिळणार नाही, तिथे झाडंच नाहीत. गवत तेवढं तांबूस झालेलं असेल. झाडं हवीत तर नाको. तिथे तळ्याकाठीच विलो आणि पॉप्लर आहेत. ताबोच्या आसपासही पॉप्लर पिवळे होतात. सूर्य पानांच्या मागे ठेवून पाहा, पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्यात भर दुपारी सूर्य साधारण ६६ अंशांवर असतो, स्पितीत ५२ वर. त्यामुळे तिथे तिरपं ऊन सकाळी उशिरापर्यंत टिकतं आणि दुपारीही लवकर येतं.

एक्स्पोजरचं एवढंच सांभाळा. बर्फ फ्रेममध्ये जास्त असलं की कॅमेरा ते राखाडी करतो, एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटू देऊ नका. शिखर उन्हात आणि काठ सावलीत असेल तर ट्रायपॉडवरून दोन-तीन एक्स्पोजर घेऊन ठेवा. घरी जोडताना एक पाहा: प्रतिबिंब खऱ्या डोंगरापेक्षा नेहमी थोडं गडद असतं. ते उजळ झालं की फोटो खोटा वाटतो. व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको, डेलाइटवर ठेवून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, नाहीतर पहाटेचा निळेपणा कॅमेराच पुसून टाकतो.

मनालीहून थेट चंद्रतालला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. पुणे ५६० मीटर, मनाली दोन हजारांच्या आसपास, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढं चढलात तर डोकेदुखी-उलट्यांत पहाट जाईल, आणि दुखणं वाढलं तर जिवावर बेतू शकतं. शिमल्याकडून जा: सराहन, कल्पा, नाको, धनकर, काझा, मग चंद्रतालच्या दोन रात्री आणि शेवटची मनाली. आठ रात्री बरोबर बसतात आणि शरीर पायरीपायरीने वर जातं. बर्फ पडलं की त्या सुमारास तंबू उठतात, म्हणून काझातच चौकशी करून कुंझुम खिंड ओलांडा. बंद असेल तर त्यातली एक रात्र नाकोला आणि एक धनकरला वाढवा आणि आल्या वाटेने परत या.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादाच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आणि दिवसा आतल्या खिशात ठेवा. विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

निघण्याआधी एका रविवारी पवनेला जाऊन या. तिकोन्याच्या बाजूच्या काठावरून पाहिलं की तुंग पाण्यापलीकडे पश्चिमेलाच दिसतो, म्हणजे उजेडाची मांडणी चंद्रतालसारखीच. एकाच जागेवरून सकाळी साडेसहाला आणि पुन्हा साडेनऊला फोटो काढा, आधी १८ वर, मग ५५ वर, एकदा पोलरायझर लावून आणि एकदा काढून. ते सगळे शेजारी ठेवून पाहा. त्यानंतरही वाइड हवीच असं वाटलं तर ती आठवड्यासाठी भाड्याने घ्या.