वरची छाती भरत नसेल तर आधी बेंचचा कोन मोज

दादा म्हणून विचारलंयस, तर मोकळेपणाने लिहितो. तू लिहिलंयस ते थोडक्यात असं: वय 24, दीड वर्ष झालं जिम चालू आहे, आठवड्यातून दोनदा छाती. दर वेळी फ्लॅट बार (सपाट बेंचवर झोपून बार ढकलणं), मग इन्क्लाइन बार (बेंच डोक्याकडून वर), मग डिक्लाइन (डोकं खाली), शेवटी पेक-डेक (बसून हात समोर जुळवायचं मशीन). फ्लॅटला 60 किलो सलग 8 वेळा निघतं. खालचा भाग बऱ्यापैकी भरलाय, कॉलरबोनखाली मात्र सपाट. उजवी बाजू डावीपेक्षा मोठी दिसते आणि मधली रेघ येत नाही. आता आणखी कुठली बेंच मारू?

आणखी कुठलीच नको. आहेत त्यातली एक काढ, एक बदल आणि क्रम फिरव.

छातीचा मुख्य स्नायू पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचा वरचा भाग कॉलरबोनच्या आतल्या अर्ध्यापासून निघतो, मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कूर्चांपासून. दोन्ही भाग शेवटी दंडाच्या हाडाला पुढून जाऊन चिकटतात. वरचे तंतू कॉलरबोनवरून तिरके खाली बाहेर जातात, म्हणून हात वर आणि आत ढकलताना त्यांना जास्त काम पडतं. बेंच तिरकी करायची ती यासाठी. फ्लॅटमध्ये ते झोपलेले असतात असं नाही, फक्त मोठा वाटा खालचे तंतू उचलतात.

आता तू म्हणशील, इन्क्लाइन तर मी मारतोच. मारतोस, पण कुठल्या कोनावर? बऱ्याच जिममध्ये वेल्डिंग करून बसवलेली इन्क्लाइन बेंच 45 अंशांची असते, कधी त्याहूनही उभी. तिथे खांद्याचा पुढचा भाग काम ओढून घेतो आणि छाती मदतनीस होते. दुसऱ्या दिवशी खांदे भरून येतात आणि आपल्याला वाटतं, वरची छाती लागली. याच्या उलटही होतं. वजन झेपेना झालं की पोरं कंबर उचलून कमान करतात, धड आडवं होतं आणि इन्क्लाइनच्या नावाखाली फ्लॅटच मारली जाते. दोन्ही चुका मी वर्षानुवर्षं केल्यात, म्हणून ओळखतो.

तेव्हा उद्या गेलास की फोनमधलं कोन मोजायचं ॲप उघड आणि फोन बेंचच्या पाठीवर ठेव. 30 अंशांच्या आसपास हवं, 15 ते 30 मधलं काहीही चालेल. ॲडजस्टेबल बेंच असेल तर बहुतेक वेळा खालून पहिली किंवा दुसरी खाच. नसेल तर साध्या सपाट बेंचच्या डोक्याकडच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळा घाल. पुढच्या-मागच्या पायांत साधारण 1 मीटर अंतर असेल तर 20 सेंमीच्या ठोकळ्याने साडेअकरा अंश मिळतात. कमी वाटतं, पण फरक कळतो. ठोकळा हलत नाही ना, हे आधी रिकाम्या हाताने झोपून बघ. आणि हे डंबेललाच कर, रॅकवाल्या बेंचला नाही.

डंबेल का, तर तुझ्या बाबतीत दोन कारणं आहेत. एक म्हणजे बार छातीला टेकला की प्रवास संपतो, डंबेल त्याहून थोडे खाली जाऊ शकतात आणि वर येताना हात एकमेकांकडे आणता येतात. दुसरं कारण तुझी डावी-उजवी. बारवर उजवा हात डाव्याचं काम गुपचूप करून टाकतो. शेवटच्या दोन रेप्सचा (वजन एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) व्हिडिओ पायाकडून काढ, बहुतेक बार एका बाजूला आधी वर जाताना दिसेल. डंबेलमध्ये अशी लबाडी चालत नाही. आधी डाव्या हाताला किती झेपतात ते बघायचं आणि उजव्याने तितक्यावरच थांबायचं, अंगात दम असला तरी. डाव्या बाजूला जास्तीचे सेट (सलग मारलेल्या रेप्सचा एक फेरा म्हणजे सेट) लगेच लावू नकोस. दोन्ही हात बारवर कोरलेल्या खुणेच्या रिंगेपासून सारख्या अंतरावर आहेत का, तेही तपास. कित्येकांचं दुखणं तिथेच असतं. थोडा फरक मात्र राहणारच, आरशाशिवाय तो कुणाला दिसत नाही. (एका बाजूला काखेची पुढची घडीच लहानपणापासून नसेल तर गोष्ट वेगळी, तो स्नायू काही जणांत जन्मतःच अपुरा असतो. मग डॉक्टरांना दाखव.)

वजनाचा अंदाज सांगतो. फ्लॅटला 60 चे 8 म्हणजे इन्क्लाइन बारला साधारण 47-48 किलो. डंबेलमध्ये तोल सांभाळण्यात ताकद जाते, म्हणून एका हातात 18-19 च्या आसपास बसेल. तू 16 ने सुरू कर. शेजारचा 25 चे उचलतोय म्हणून तू उचलू नकोस. 16 चे 12 स्वच्छ निघायला लागले की पुढची जोडी घे.

आणि हे सगळं आधी, ताजं असताना. आतापर्यंत तू फ्लॅटला सगळा दम खर्च करून उरलासुरला इन्क्लाइनला देत होतास. जे पहिलं येतं ते वाढतं.

फ्लॅट बार सोडू नकोस, ताकदीचा पाया तोच आहे. फक्त कोपर खांद्याच्या रेषेत उघडे टाकू नकोस. धडापासून 45 ते 70 अंशांत ठेव, बार स्तनाग्रांच्या जरा खाली टेकव, पाठीचे फावडे (खांद्यामागची सपाट हाडं) मागे ओढून बेंचवर दाबून धर. मला एका ट्रेनरने सुरुवातीला कोपर पूर्ण बाहेर काढून बार गळ्याकडे आणायला शिकवलं होतं, 'वरची छाती लागते' म्हणून. चार महिन्यांत उजवा खांदा असा धरला की शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. त्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नकोस.

डिक्लाइन काढून टाक. खालचा भाग आधीच भरलाय आणि फ्लॅट त्याला पुरते.

क्लोज ग्रिपबद्दल (बारवर हात जवळजवळ धरून मारायची बेंच) कुणीतरी तुला 'आतली छाती' सांगितलंय. आतली छाती नावाचा वेगळा स्नायू नाही. तंतू मधल्या हाडापासून दंडापर्यंत सलग जातात, मधलाच तुकडा फुगवता येत नाही. रेघ किती रुंद दिसणार ते स्नायू हाडाला कुठे चिकटलाय त्यावर ठरतं, आणि ते आई-बापाकडून येतं. अंगावरची चरबी उतरली की जेवढी आहे तेवढी दिसेल. क्लोज ग्रिप ट्रायसेपसाठी (दंडामागचा स्नायू) उत्तम आहे, त्या नावाने जरूर मार.

आठवडा असा लाव. पहिल्या दिवशी लो इन्क्लाइन डंबेलचे 4 सेट, 8 ते 12 रेप्स, मग फ्लॅट बारचे 3. दुसऱ्या दिवशी पुन्हा इन्क्लाइन आधी, 3 सेट, मग पेक-डेकचे 3, सावकाश, मागे पूर्ण ताण घेत. झाले 13, पुरे. प्रेसच्या दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटं थांब. आणि जेवढे सेट ढकलायचे तेवढे तरी ओढायचे, रोइंग वगैरे, नाहीतर खांदे पुढे येऊन छाती आहे त्याहून खोल दिसते. घरी जोर मारायची सवय असेल तर चालू ठेव, पण छातीच्या आदल्या दिवशी शंभर नकोत. तालमीतल्या पैलवानांच्या छात्या बेंचशिवाय भरल्यात हे खरं, पण ते दिवसाला किती जोर मारतात आणि वर किती खातात तेही बघ.

एक सुरक्षेचं. दुपारी एकटा असशील, सपोर्ट द्यायला कुणी नसेल आणि बेंचला सेफ्टी रॉड नसतील, तर बारला क्लिप (प्लेटा घसरू नयेत म्हणून लावतात ती) लावू नकोस. अडकलास तर एक बाजू कलवून प्लेटा पाडता आल्या पाहिजेत. मी क्लिप लावून अडकलोय. बार पोटावरून मांड्यांपर्यंत लोळवत आणावा लागला, बरगडीवरचा वळ आठवडाभर बायकोपासून लपवला. अंगठा बारभोवती गुंडाळलेला हवा, हे तर एकटा नसतानाही.

आठ आठवडे बदल करू नकोस. आज आणि आठ आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढ. पंप (व्यायामानंतरचा तात्पुरता फुगवटा) उतरल्यावर काढ, नाहीतर स्वतःलाच फसवशील. आणि बेंचचा कोन मोजलास की इथे टाक, 45 च्या वर निघाला तर डंबेलचं वजन परत ठरवू.